ट्रस्टवाले पोटभर जेवून गेले

मी तिसरीपत्तुर शिकले. तिसरीची परीक्षा काय दिली न्हाई. दिवाळी झाली की आमची मेंढरं कोकनाकडं निघायची आन् मेंढरांच्या मागनं आमी. अक्षर जुळवून वाचता येतं, लिव्हायला मातर येळ लागतो.

मेंढरं रानात बसवायची म्हंजी काय, ते आताच्या पोरास्नी ठाव न्हाई. रातभर मेंढरं कुनाच्या रानात बसली की त्या रानाला खत मिळतं. सकाळच्याला तो शेतकरी जवारी द्यायचा, न्हाईतर पैसं. माजा बाप म्हनायचा, "आपन कुनाच्या दारात मागाय जात न्हाई. आपन देतो, मग घेतो." हे बोलनं माज्या अंगात इतकं मुरलं व्हतं की म्होरं त्याच्यापायी लई मोठं नुकसान झालं. दुसऱ्याचं नाव कशाला घेऊ, माज्याच हातनं झालं.

लगीन करून मी न्हावऱ्याच्या शिवारात आले. सासऱ्यानं मेंढरं इकून दोन एकर रान केलं व्हतं. कालव्याला पानी आलं आन् समद्यांनी ऊस लावला, आमी बी लावला. पोरगी दोन वर्साची असंल. मी ऊस भरत व्हते, तिला गाडीच्या सावलीला निजवलं व्हतं. बैल बुजलं, गाडी हलली, चाक पायावरनं गेलं. पाय ऱ्हायला, चाल गेली. तिचा बाप चार वर्सांनी बांधावर बसल्या बसल्या गेला. छातीत दुखतंय म्हनला, मी पानी आनायला गेले, तेवढ्यात सपलं. त्याच्या पंधराव्या दिशी मी दुसऱ्याच्या रानात खुरपायला गेले. न जाऊन कसं भागनार?

त्यानंतर बऱ्याच वर्सांनी, पोरगी कासुर्डीला नांदायला गेली त्या साली, गुरुजी माज्या दारात आलं. गुरुजी शाळेतनं रिटायर झालं व्हतं आन् त्यांनी संस्था काढली व्हती. संस्था म्हंजी काय, शिरूरला पिठाच्या गिरनीवर एक खोली, एक कपाट आन् गुरुजींची सायकल.

"वहिनी," गुरुजी म्हनलं, "ऊसतोडीच्या टोळ्या आल्यात. बाया पहाटे फडात जातात, लेकरं चिखलात पडलेली असतात. पाळणाघर काढतोय. सांभाळाल का?"

"लेकरं सांभाळायचा कुठं पगार असतोय व्हय, गुरुजी?"

"पगार नाही, मानधन. थोडं आहे."

मला पोरीचा पाय दिसला. मी व्हय म्हनले.

तोडकऱ्यांच्या कोप्या, म्हंजी पाचटाच्या झोपड्या, त्यांच्या कडंला पत्र्याचं शेड घातलं. जुन्या लुगड्यांच्या झोळ्या बांधल्या. दुपारी खिचडी, तान्ह्यांना दूध. मी, माजी जाऊ आन् आनखी एक बाई, आमी तिघी. जाऊ माज्यापरीस धाकली, मला आक्का म्हनायची, पन तोंडानं लई फटकळ. पयल्या साली गुरुजींनी पेन्शनीतनं भागवलं. दुसऱ्या सालापासनं पुन्याच्या एका ट्रस्टची मदत सुरू झाली.

गुरुजींनी मला समजावून सांगितलं, की पुन्यात एक मोठं कारखानदार घर हाय, ते नफ्यातला वाटा बाजूला काढत्यात आन् आपल्या जिल्ह्यातल्या बारक्या संस्थांना देत्यात. पन दर साली नवा अर्ज, मधनं कवातरी पाहनी, मग त्यांची कमिटी ठरवनार.

मी इचारलं, "आन् आपन त्यास्नी काय द्यायचं?"

"अहवाल द्यायचा. काय काम केलं ते लिहून."

मला काय ते पटलं न्हाई. त्यांनी दूध द्यायचं आन् आपन कागद द्यायचा, ही कुठली रीत? पन गुरुजींना कोन सांगनार.

तिसऱ्या साली टोळीत बीडकडची एक पोरगी आली. पोरगीच ती, आठरा-एकोनीस वर्साची. पदरात तीन महिन्यांची लेक. त्या लेकराची मूठ माज्या अंगठ्याएवढी. आईला दूध न्हाई, कसं यायचं, सकाळी चारला फडात, परत यायला दिवस मावळायचा. लेकरू रडायचं बी बारीक, मांजरावानी. मी त्याला वाटी-चमच्यानं दूध पाजायची. पयल्यांदी समदं वघळून जायचं. पंधरा दिसांनी घोट घ्यायला लागलं. त्याची आई सांजच्याला आली की आदी झोळीत हात घालून बघायची, मग माज्याकडं. बोलायची न्हाई.

आशात ट्रस्टचं पत्र आलं. पाहनीला बेस्तरवारी येनार, आन् पुढच्या मदतीचं त्यावरच ठरनार. गुरुजी तवा दौंडला लेकीकडं व्हतं, डोळ्याचं आपरेशन झालं व्हतं. त्यांनी एसटीडीच्या फोनवरनं गावातल्या दुकानदाराला निरोप दिला, "वहिनींना सांगा, जसं आहे तसं दाखवा." दुकानदारानं मला तसाच सांगितला निरोप. मी ऐकला बी. पन जसं हाय तसं म्हंजी कसं?

जाऊला म्हनलं, "अगं, ज्यांनी आपल्याला दोन साल दूध पाजलं, ती मानसं पयल्यांदा दारात येत्यात. फाटक्या पोत्यावर बसवायचं त्यास्नी?"

"बसवू की मांडीवर," जाऊ म्हनली. "आक्का, माजी नवी सतरंजी घ्या. पन तेलाचा डाग पडला तर तुमी धुवायची."

आन् मग जे सुरू झालं ते झालंच. देवळातनं दोन सतरंज्या. मंडपवाल्याच्या पलास्टिकच्या खुर्च्या. बचत गटाची लग्नाची स्टीलची ताटं. सोसायटीतनं भिंतीवरचं घड्याळ, ते सेक्रेटरीनं दिलं, पन "बंद पाडू नका" म्हनून दहा बारी सांगितलं. एकीनं टेबलफॅन आनला. शेडात लाईट न्हाई, तरी ठिवला कोपऱ्यात, दिसायला बरा. गावातल्या बायांनी आपल्या पोरांची दिवाळीची कापडं दिली. तोडकऱ्यांच्या लेकरांना आमी वासाच्या साबनानं घोळसून आंघोळी घातल्या, पावडर लावली. काय ती पोरं, वळखूच येईनात! एक आई सांजच्याला येऊन आपलंच पोरगं सोडून दुसऱ्याला उचलायला लागली, तवा आमी लई हसलो.

आता खरं सांगायचं ते सांगते. ज्या लेकरांना खरूज व्हती, ज्यांची नाकं वाहत व्हती, त्यास्नी मी त्या दिशी शेडात आनलं न्हाई. तिसऱ्या बाईला त्यांच्याबरं कोप्यांच्या मागं बसवलं. त्यांच्या जागी गावातली तीन-चार गुबगुबीत पोरं आनून बसवली. आन् त्या बीडकडच्या पोरीचं लेकरू बी मी मागं धाडलं. मला वाटलं, दोन साल दूध खाऊन बी पोरं आशी दिसत्यात, तर मानसं म्हनतील आमचं दूध गेलं कुठं. लाज वाटली. त्या लेकराची न्हाई, माजी.

बेस्तरवारी एक जीप आली. एक मॅडम, पांढऱ्या केसांच्या, सुती लुगडं, चष्मा. बरोबर एक तरनं साहेब, वही घेतलेलं. आमी ओवाळलं, नारळ दिला. मॅडम नको नको म्हनत व्हत्या. त्यांनी शेड बघितलं, झोळ्या बघितल्या, एका पोराला नाव इचारलं. ते गावातलं व्हतं, त्यानं नाव सांगून वर बापाची मोटारसायकल कुठली ते बी सांगितलं. जाऊनं त्याला मागनं चिमटा काढला.

मॅडम माज्याजवळ बसल्या. "मावशी, काही अडचण असली तर मोकळेपणानं सांगा."

आता तुमीच सांगा, घरी आलेल्या मानसाच्या म्होरं कुनी रडगानं गातं का?

"काय बी न्हाई, बाई. समदं येवस्थित हाय."

"पाणी?"

"हाय की. हे काय, बोर हाय." बोर व्हती, पन ती शेजारच्या बागायतदाराची. त्याची मोटर चालू आसंल तवाच पानी, न्हाईतर अर्ध्या कोसावरनं डोक्यावर.

"दूध पुरतं?"

"पुरून उरतं."

जाऊनं माज्याकडं आसं बघितलं!

मग जेवायला वाढलं. मासवड्या, रस्सा, बाजरीची भाकर, भात, वर शेंगदान्याची पोळी. साहेब तर "आता बास" म्हनत तीन मासवड्या खाऊन गेला. मॅडमनी हात जोडलं, "मावशी, फार छान केलंत सगळं." जीप गेली. माजं काळीज सुपाएवढं झालं. वाटलं, आज आपन बी कायतरी दिलं.

तीन हप्त्यांनी पत्र आलं. गुरुजी तवा परत आलं व्हतं, डोळ्यावर हिरवी पट्टी. त्यांना वाचायला मनाई, म्हनून पोस्टमनलाच वाचायला बसवलं. पत्र गोड व्हतं. केंद्र पाहून आनंद झाला, गावानं फार चांगला हातभार लावलाय, आता तुमी आपल्या पायावर उभं ऱ्हायलात. तवा यंदापासनं ही मदत जास्त गरजू ठिकानी द्यायचं ठरलंय. शुभेच्छा.

पोस्टमन म्हनला, "चांगलं लिव्हलंय की."

गुरुजींनी पट्टीखालनं डोळं पुसलं, औषधाचं पानी का काय ते. मग मला म्हनलं, "वहिनी, तुम्ही त्यांना काय दाखवलंत?"

मी समदं सांगितलं. सतरंजी, घड्याळ, पंखा, पोरं. मागं बसवलेली पोरं बी सांगितली. गुरुजी ओरडलं न्हाईत. ओरडलं असतं तर बरं वाटलं असतं. नुसतं म्हनलं, "अहो, पंखा कशाला? वायर तरी होती का त्याला?"

जाऊ म्हनली, "व्हती. पन लावायला भोक नव्हतं."

कुनीच हसलं न्हाई.

दूध पावडर त्या महिन्यात सपली. तिसऱ्या बाईला घरी दमडी न्हाई, ती परत मजुरीला गेली. तिला काय बोलनार. मी आन् जाऊ रेटत व्हतो. घरची जवारी, तांदूळ कुनाकडनं, शेळीचं दूध एक येळचं. वीस-बावीस पोरं दोघींना आवरंनात. बारकी तान्ही घेनं आमाला बंद करावं लागलं. मी त्या बीडकडच्या पोरीला म्हनलं, "बाई, चार दिस लेकरू तुज्यापाशी ठिव." ती म्हनली, "बरं, आजी." येवढंच. का म्हनून इचारलं न्हाई. कुनी ना कुनी न्हाई म्हननारच, ह्याची तिला सवय व्हती.

दुसऱ्या दिशी मी सरपनाला फडाकडं गेले. बघते तर उसाच्या वाड्यावर, त्या हिरव्या शेंड्यांच्या ढिगावर, फडक्यात गुंडाळलेलं ते लेकरू, आन् त्याच्यापासनं दहा पावलावर बैलगाडी उभी. बैल मान हलवत व्हतं. मी उभीच ऱ्हायले. मग लेकरू उचललं, गाडीपासनं लांब बाभळीखाली नेलं आन् त्याच्या आईला हाक मारली. ती कोयता टाकून पळत आली. तिला वाटलं मेलंच.

मी घरी येऊन जाऊला म्हनलं, "उद्या मी पुन्याला जाते."

"पुन्याला? आन् तिथं काय सांगनार?"

"सांगनार, की आमी उसनं आनलं व्हतं."

"अय्या! आपल्या तोंडानं?"

"मग काय तुज्या तोंडानं? तू गेलीस तर त्या आदी पोलीस बोलवतील."

चौफुल्यावरनं एसटी धरली, कासुर्डीला उतरून पोरीला घेतलं. तिला पुनं जरा म्हाईत. ती लंगडत म्होरं, मी पिशवी घेऊन मागं. हापिसाचा पत्ता पत्रावर व्हता. तिथं काचंचं दार, मला ढकलायचं का वढायचं कळंना. वाचमन म्हनला, "अपॉइंटमेंट आहे का?" पोरगी म्हनली, "त्या आमच्याकडं जेवून गेल्यात, आमी इथं नुसतं पानी पिऊ." त्यानं बाकड्यावर बसू दिलं. दीड-दोन तास बसलो. मनात म्हनत व्हते, उठावं आन् जावं. बापाचं बोलनं कानात. पन बाप मेंढरं बसवून मागत व्हता. माज्याकडं काय व्हतं बसवायला?

मॅडमनी मला वळखलं. आत नेलं, खुर्ची दिली. मी खुर्चीवर बसले न्हाई. बसले आसते तर बोलनं झालं नसतं.

"बाई, ती ताटं आमची नव्हती."

त्यांना कळंना. "कुठली ताटं?"

मग मी एकेक सांगत गेले. पानी लांबनं आनतो. लाईट न्हाई. दूध पुरत न्हाई. गुबगुबीत पोरं गावातली व्हती. खरजेची मी लपवली. एक लेकरू चार-पाच महिन्यांचं, ते बी लपवलं, आन् काल ते बैलांच्या पायाशी व्हतं. आवाज काय हालला न्हाई माजा. नवरा गेला तवा बी हालला नव्हता. पन हात लुगड्याच्या काठाला गुंडाळून गुंडाळून लाल झालं व्हतं.

मॅडमनी म्होरचे कागद बाजूला सारले. मग म्हनल्या, "मावशी, मी विचारलं होतं ना तुम्हाला? मग असं का केलंत?"

"पाव्हनं व्हता तुमी. तुमी दिलं व्हतं, मग आमी बी काय तरी द्यायचं का न्हाई?"

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठिवला. "ते पैसे आता दुसऱ्या संस्थेला गेलेत. तिथंही मुलंच आहेत, मावशी. ते मी परत मागू शकत नाही."

"नका मागू," मी म्हनलं. "त्यांचं काढून आमाला नको."



"मी पुन्हा येईन," त्या म्हनल्या. "पण कधी ते सांगणार नाही."

"निदान आदल्या दिशी तरी, बाई. च्यासाठी दूध..."

"नाही. चहा नको, काही नको. कमिटीपुढं मला जे बघितलं तेच सांगता आलं पाहिजे."

त्या आठ दिसांनी आल्या, सकाळी सातला. मी एका पोराचं ढुंगन धुत व्हते. लुगडं खवलेलं, डोकं इस्कटलेलं. जाऊ म्हनली, "आक्का, पळा, पदर घ्या!" मी पळाले न्हाई. पाय तर पळायलाच उठलं व्हतं. मी त्यास्नी पोत्यावर बसवलं. मग खरजेची पोरं दाखवली, हांडा दाखवला, वाट दाखवली पान्याची. त्या वाटेनं त्या माज्याबरं चालल्या बी, चपला चिखलात रुतत व्हत्या. मग मी फडात नेलं. लेकरू वाड्यावर व्हतं. मॅडमनी उचलून घेतलं. त्यानं त्यांच्या कापडावर केलं. मी पुसाय गेले तर म्हनल्या, "राहू द्या."

त्या दिशी त्या आमच्याकडं पान्याचा घोट बी न पिता गेल्या. मला ते आजून लागतं. मदतीचं सोडा, मानूस दारातनं तसंच गेलं.

मदत लगेच काय आली न्हाई. दोन हप्ते गेले. मग निरोप आला की तातडीच्या कामासाठी ट्रस्टचं थोडं बाजूला ठिवलेलं असतं, त्यातनं सीझन सपंपत्तुर दूध आन् तिसऱ्या बाईचं मानधन. शेडाचं पत्रं, औषध, पान्याची टाकी आशा मोठ्या मदतीचा अर्ज पुढच्या सालासाठी कमिटीपुढं जाईल, तिथं काय व्हईल ते मॅडमच्या हातात न्हाई. वर एक अट. दर महिन्याला मी सवता ट्रस्टला पोस्टाचं कार्ड लिव्हायचं. काय झालं ते न्हाई, काय कमी पडलं ते. गुरुजींनी लिव्हून चालनार न्हाई.

पयलं कार्ड लिव्हायला मला दोन दिस लागले. अक्षरासाठी न्हाई. 'कमी' म्हनून कागदावर काढायचं हातच धजंना. जाऊ म्हनली, "आक्का, लिव्हा की, तांदळात खडे हायेत." मी लिव्हलं, तांदळात खडे हायेत. मग एक एक लिव्हत गेले. पानी दोन खेपा जास्त. दोघांचं कान फुटलंय. मला रात्री पाठ धरती, हे बी लिव्हलं, मग खोडलं. मग परत लिव्हलं.

ते लेकरू आमी परत झोळीत घेतलं. पयले चार दिस त्यानं चमचा तोंडात घेतला न्हाई, इसरलं व्हतं. जाऊनं कापसाची वात भिजवून भिजवून पाजलं. ती एवढी फटकळ बाई, त्या लेकराम्होरं एक शब्द मोठ्यानं बोलायची न्हाई. शिमग्याला ते अंगानं भरलं. म्होरं बसायला लागलं, पत्र्याला धरून उभं ऱ्हायचा हट्ट करायला लागलं.

कारखान्याचा पट्टा पडला, म्हंजी सीझन सपला, आन् टोळ्या निघाल्या. ट्रकात भांडी, कोंबड्या, पाचट, म्हातारी मानसं. बीडकडची पोरगी लेकराला काखंत घेऊन शेडाकडं आली. सगळ्या सीझनात ती माज्याशी चार वाक्यं बोलली नसंल.

"आजी, पुढल्या साली पाळना आसंल का?"

दर साली कुनी ना कुनी इचारायचं, आन् मी म्हनायची, व्हय व्हय, आसंल की, देव बघतोय. ह्या बारीला तोंडात तेच आलं व्हतं.

"कमिटी बसायची हाय," मी म्हनलं. "आजून ठरलं न्हाई. मी कार्ड लिव्हतीया. तुज्या मुकादमाच्या गावचा पत्ता दे, ठरलं की तुला बी टाकीन. न्हाई ठरलं तरी टाकीन. मग तू ह्या कारखान्याला यायचं का न्हाई ते तू बघ."

तिनं लेकरू दुसऱ्या काखंत घेतलं. मग ट्रकाकडं वळून मुकादमाला वरडली, "ओ मामा, थांबवा गाडी! पत्ता सांगा तुमचा, आजीला लिव्हून घ्यायचाय."

मी आत पेन हुडकायला गेले.